नंबरांची चक्री

२२ डिसेंबर. आजचं काम : जुन्या मोबाईलमधले सगळे नंबर नव्यात आलेत का ते बघणं, आणि जी माणसं आता नाहीत त्यांची नावं काढून टाकणं. मुलगा म्हणतो, नंबर आपोआप येतात, बघायची गरज नाही. आपोआप झालेलं काम मी एकदा तपासून घेते. नर्सची नोकरी केल्यावर ती सवय जात नाही. करंज्यांचं सारण निवायला ठेवलं होतं, तेवढ्यात ओट्याशी स्टूल ओढून बसले. एकेक नाव बघायचं, माणूस आहे की नाही आठवायचं, नसेल तर काढायचं. लिलीमावशी मागच्या पावसाळ्यात गेली. तिचं काढलं.

मुलगा मागून डोकावला. "मम्मी, तुझ्या फोनमध्ये माणसांपेक्षा गावंच जास्त आहेत." खरं आहे ते. 'नेवासा रोड मंदा', 'पुणतांबा प्लंबर', 'राहुरी विमा'. मला माणूस आधी गावाने सापडतो, मग नावाने. "आणि काही नावांपुढे 'लाल' काय लिहिलंय? ब्लॉक केलेत का?" मी म्हटलं, ब्लॉकच्या अगदी उलट. एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही, आणि माझ्याकडे तेव्हा सांगायला वेळ नव्हता. पाती लाटून ठेवली होती, ती वाळली असती. आता करंज्या डब्यात गेल्या आहेत, तर लिहून ठेवते.

आम्ही श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. पत्र्याच्या छपरांची बैठी घरं, समोरासमोर दोन रांगा, मधे एक बोळ. त्या बोळाला सगळे 'लाईन' म्हणायचे. गळीत हंगाम सुरू झाला की मळीचा वास कपड्यांत, केसांत, भाकरीतसुद्धा शिरायचा. पाहुण्यांना त्या वासाने मळमळायचं. आम्हाला तो हंगाम संपला की चुकल्यासारखं व्हायचं. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की चूल पेटवायची, भोंगा झाला की पप्पांची वाट बघायची. पप्पा कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. ऊस टाकायची गव्हाण किंवा मिल बंद पडली की त्यांना कुठल्याही वेळी बोलवावं लागे, म्हणून साहेबांनी खटपट करून आमच्या घरी फोन दिला. लाईनमधला तो एकमेव फोन. काळा, जड, बोट घालून फिरवायचा. आमचं घर लाईनच्या तोंडाशी होतं. रस्त्याकडच्या खिडकीत एक स्टूल, स्टुलावर फोन, फोनवर आईने पूर्वी कधीतरी विणलेला क्रोशाचा रुमाल. खिडकीच्या आत आईची खाट.

आई बालवाडीची बाई होती. मी सातवीत असताना तिला संधिवाताने धरलं, आणि अकरावीत जाईपर्यंत तिच्या हातांची बोटं वाऱ्याने झुकलेल्या ज्वारीसारखी एका बाजूला वळली. लहान मुलांच्या चड्डीची बटणं लावता येईनात तेव्हा तिने बालवाडी सोडली. तसं कुणी सोडा म्हटलं नव्हतं. स्वयंपाक माझ्याकडे आला. सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी बाजरीच्या भाकरी थापायचे आणि आई खाटेवरून सूचना द्यायची. पीठ अजून मळ, पाणी कोमट घे, कडा जाड राहिली. हुलग्याचे शेंगोळे करताना तर ती एकेका शेंगोळ्यावर शेरा मारायची. मला राग यायचा. आता मी सुनेला तसंच बोलते, आणि तिलाही राग येत असणार.

घरकाम हातातून गेलं, पण फोन मात्र तिच्याकडे आला. लाईनमध्ये कुणाचं काय झालं, कुणाला मुलगी झाली, कुणाचा पाहुणा अडकला, सगळं या खिडकीतून जायचं आणि यायचं. लोक खिडकीशी येऊन म्हणायचे, "बाई, जरा आमच्या कोपरगावला लावा." बालवाडी सुटली तरी ती लाईनची 'बाई'च राहिली, ती या फोनमुळे. तिचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत व्हायचा. कान लावून बसायची, निरोप घ्यायची, निरोप द्यायची, आणि बोलणं संपलं की एखाद्या मुलाला पाढा बरोबर आल्यासारखी मान हलवायची.

त्या काळी फार थोड्या लोकांच्या घरी फोन होता. बहुतेकांचा असायचा तो पीपी नंबर. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, किराणा दुकानाचा, दूध डेअरीचा. आपण तिथे लावायचा, 'अमक्याला बोलवा' किंवा 'अमक्याला निरोप द्या' म्हणायचं, आणि समोरचा माणूस देईल तसा निरोप पोचायचा. आमचाही फोन सगळ्या लाईनचा पीपीच होता. त्यामुळे आमच्या नंबरांच्या वहीत आमचे पाहुणे थोडे आणि लाईनचे पाहुणे भाराभर. वहीची पानं पातळ होती. आईला ती उलटता यायची नाहीत. पेन्सिलीच्या मागच्या रबराने, कोपराने, कसंही करून ती पान शोधायची. एक दिवस पप्पा जेवणाच्या सुट्टीत अवेळी घरी आले तेव्हा ती वही तोंडाशी धरून ओठांनी पान उलटत होती. पप्पांनी पाहिलं. न जेवताच परत गेले.

त्यांनी आधी आईसाठी लेथवर एक लाकडी दांडका काढला. मुठीत बसेल असा जाड, टोकाला बोटाएवढा बारीक. तो फोनच्या भोकात घालून तबकडी फिरवायची. तो जमला. मग त्यांनी वहीचा प्रश्न हातात घेतला.

साहेबांच्या टेबलावर एक पत्र्याची चपटी डबी होती. तिच्या कडेला इंग्रजी अक्षरं आणि एक काटा. काटा हव्या त्या अक्षरावर सरकवून खालची पट्टी दाबली की झाकण उघडायचं आणि नेमकं तेच पान समोर. पप्पांनी ती नुसती डोळ्यांनी मोजली आणि बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्यातून तशीच मराठी डबी बनवली. ती सपशेल फसली. एक तर स्प्रिंग कडक झाली, आईला दाबताच येईना. दुसरं म्हणजे अक्षरं. कडेला अ पासून ज्ञ पर्यंत सगळी कोरून झाल्यावर आई म्हणाली, "ज्ञ मध्ये कोण राहतं आपल्या ओळखीचं?" पप्पा म्हणाले, "राहायला येईल कुणीतरी." पण खरी अडचण वेगळीच निघाली. समोरच्या घरातल्या शेवंताकाकू फोन लावायला आल्या.

"बाई, ह्यांच्या थोरल्या भावाला लावा. नेवाशाला."

पप्पा मुद्दाम पुढे झाले. "नाव सांगा वहिनी, अक्षराने काढतो."

"या बया. थोरल्या दिराचं नाव म्या कसं घेऊ? नेवाशाचं म्हनलं की झालं न्हवं का?"

"अहो, पण डबीला कसं कळणार?"

"डबीला कळत न्हाई तर डबी कशाला करता? बाईंना तर कळतंय की."

काकू नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, थोरल्या दिराचं नाही, सासऱ्याचं नाही. लाईनमधल्या बहुतेक बायका अशाच. आणि फोन मुळात त्या माणसाचा नसून गावातल्या दुकानदाराचा, त्याचं नाव तर कुणालाच ठाऊक नसायचं. आईच्या डोक्यात सगळी माणसं गावांत बसलेली होती. मी त्या वेळी रोज एसटीने कॉलेजला जायचे. मी म्हटलं, "पप्पा, स्टँडवरच्या पाटीसारखं करा. एका रस्त्याची गावं एकापुढे एक." पप्पा बराच वेळ भाकरी हातात धरून बसले. मग म्हणाले, "म्हणजे गोल पाहिजे."

पुढचा महिना-दीड महिना आमच्या घरात बसायला जागा नव्हती. सायकलचा आस, दोन लाकडी तबकड्या, त्यांच्या कडेला खाचा, खाचांत पट्ट्या, एकेका पट्टीवर एकेक गाव आणि तिथले नंबर. आधी त्यांनी सायकलचं फ्रीव्हील बसवलं. ते छान कटकट वाजायचं, पण एकाच बाजूने फिरायचं. एक गाव चुकून पुढे गेलं की सगळा तालुका फिरून परत यावं लागे. आई म्हणाली, "एसटीपेक्षा वाईट आहे हे." मग त्यांनी फ्रीव्हील काढून घड्याळाच्या स्प्रिंगची पट्टी लावली. ती दोन्हीकडून खाचेत पडायची आणि प्रत्येक गावाला 'टक' असा आवाज व्हायचा. फिरवायला पावाएवढी लाकडी मूठ, तळहाताने रेटता येईल अशी. वर पत्र्याचं झाकण, झाकणाला एक खिडकी, खिडकीत एका वेळी एकच गाव. नेवाशाचा रस्ता हिरवा, राहुरीचा निळा, कोपरगावचा पिवळा, लोणी-संगमनेरचा पांढरा. कुठल्या रस्त्याला कितव्या 'टक'ला कुठलं गाव हे आईला आठवड्यात पाठ झालं. ती न बघता फिरवायची.

पट्ट्यांना कागद चालेना, दमट हातांनी फाटायचा. पप्पांनी आईचे जुने एक्स-रे बाहेर काढले. घरात त्यांचा गठ्ठा होता. दर डॉक्टर नवीन काढायला लावायचा आणि तेच सांगायचा. धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात ते घातले की वरचा काळा थर सुटायचा आणि निळसर पारदर्शक पट्टी उरायची. सगळं घर त्या वासाने भरलं. आई खाटेवरून बघत होती. म्हणाली, "म्हणजे आता माझी हाडं मीच फिरवायची." मी हसले. पप्पा हसले नाहीत. एका पट्टीवरचा थर नीट निघाला नाही, सांध्यांची पुसट सावली तशीच राहिली. पट्ट्या मोजक्याच होत्या, त्यामुळे तीही वापरली. ती लोणीच्या वाट्याला आली. लोणीला लिलीमावशी राहायची, आईची धाकटी बहीण.

लाईनमध्ये त्या यंत्राला 'बाईंची चक्री' म्हणू लागले. वर्कशॉपमधल्या एका इंजिनिअर साहेबांनी येऊन पाहिली आणि म्हणाले, साळवे, नगरच्या एमआयडीसीत कुणाला तरी दाखवा, असली चीज विकली जाईल. पप्पांनी दुसऱ्या दिवसापासून एक सुधारलेली आकृती काढायला घेतली. दाढी करताना गुणगुणायला लागले. आमच्या घरात तेव्हा गुणगुणणं दुर्मिळ होतं.

फोनवरून निरोप द्यायची आईची एक रीत होती. ती तिची एकटीची नव्हती, सगळ्यांचीच होती. आनंदाची बातमी सरळ सांगायची. मरणाची कधीच नाही. माणूस गेला असला तरी फोनवर म्हणायचं, 'तब्येत जास्त झालीय, लगेच निघा.' ऐकणाऱ्याने ओळखायचं. तो ओळखायचाही, 'जास्त' शब्द ऐकला की घरातले पुरुष कपडे बदलायला लागायचे आणि बायका न विचारता रडायला लागायच्या. एवढ्या लांबून, परक्याच्या तोंडून, दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर 'गेला' हा शब्द कानावर पडू नये, वाटेत धीर राहावा, घरी आल्यावर आपल्या माणसांत कळावं, अशी ती माया होती. आईला ते फार चांगलं जमायचं. 'जास्त' हा शब्द ती असा मऊ करून म्हणायची, की मी दुसऱ्या खोलीत असले तरी हातातलं काम थांबायचं.

शेवंताकाकूंचे यजमान रंगनाथकाका बॉयलरवर होते. त्यांची मुलगी मंदा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मला सायकल शिकवली ती तिने, तीही मागून न धरता. "पडलीस तर पडलीस, उठायचं." आदल्याच उन्हाळ्यात तिचं लग्न नेवासा रस्त्यावरच्या एका गावात झालं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाशी माझा अजून संबंध आहे. हिरव्या रस्त्यावरची ती शेवटून दुसरी पट्टी. पीपी नंबर खतांच्या दुकानाचा.

नाताळ चार-पाच दिवसांवर आला होता. मी खिडकीत कागदाची चांदणी टांगत होते. रंगनाथकाका पहाटेची पाळी अर्धी टाकून घरी आले, छातीत कळ आली म्हणून खाटेवर आडवे झाले आणि काकूंनी पाणी आणेपर्यंत संपले. काकूंचा आवाज ऐकून सगळी लाईन गोळा झाली. काकांचे धाकटे भाऊ लगेच आमच्या खिडकीशी आले. "बाई, मंदाला आधी. मग बाकीचे."

आईने मूठ रेटली. टक, टक, टक. तिने खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. दांडक्याने नंबर फिरवला आणि पहिल्याच झटक्याला लागला.

"श्रीरामपूरहून बोलतेय. तुमच्या शेजारी मंदा आहे ना, तिला निरोप द्या. वडिलांची तब्येत जास्त झालीय. लगेच निघायला सांगा."

"कुणाची?"

"वडिलांची. मंदाच्या. जास्त झालीय म्हणावं."

"बरं बरं. सांगतो."

आईने फोन ठेवला आणि मान हलवली. मग नेवासा, मग राहुरी, मग कोपरगाव. चक्रीने त्या सकाळी एकदाही दगा दिला नाही. वहीच्या काळात अर्धा दिवस गेला असता, ते काम भाकरी भाजेपर्यंत झालं. पप्पा दाराशी उभे राहून बघत होते.

दुपारपर्यंत सगळे आले. मंदा आली नाही. तिच्या गावाहून श्रीरामपूर एसटीने फार लांब नाही. आईने पुन्हा लावला. दुकानदार म्हणाला, "दिलाय निरोप. येत्यात म्हनले." मग सगळे लाईनच्या तोंडाशी, आमच्या खिडकीपुढे उभे राहिले. एसटी थांबल्याचा आवाज आला की माना वळायच्या. काकू बाहेर येऊन आईला विचारायच्या, "बाई, नक्की सांगितलं न्हवं?" आणि आई म्हणायची, "सांगितलं गं. निघाली असेल." ऊन उतरायला लागलं. काकांचे भाऊ सूर्य बुडायच्या आत उरकायचं म्हणाले. काकू म्हणाल्या, "माझी एक तर पोर हाय. तिनं तोंड बघू द्या." आणखी एक एसटी गेली. मग नेलं.

त्यांच्या घरी चूल पेटणार नव्हती. मी पिठलं-भाकरी करून नेऊन दिली. कुणी खाल्ली नाही. सकाळी तीच भाकरी परत आणून आम्ही खाल्ली. टाकणं मला तेव्हाही जमत नसे.

मंदा दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी खिडकीशी बसून चांदणीला दोरा ओवत होते, म्हणून मला आधी दिसली. चालत येत होती, घाईत, पण चालत. हातात मोसंब्यांची पिशवी. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि ती तो एका हाताने सारखा करत होती. ती थेट खिडकीशी आली.

"बाई, आण्णा घरी हाय का दवाखान्यात नेलंय? हितंच इचारते, म्हंजी हेलपाटा पडायचा न्हाई."

आईचं तोंड उघडलं. सगळ्या गावांना निरोप देणारी बाई, तिला एक शब्द सापडेना. मी आईकडे पाहिलं, मग मंदाकडे. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

"मंदा, काका काल सकाळी गेले."

"कुठं?"

"वारले. संध्याकाळी सगळं झालं."

मग तिने मोसंब्यांची पिशवी खिडकीच्या कठड्यावर ठेवली, कलंडणार नाही अशी नीट, आणि घराकडे चालू लागली. अर्ध्या लाईनपर्यंत चालली आणि मग धावली. काकूंचा आवाज आला. मंदाचा आला नाही.

ऊन कलल्यावर ती आमच्याकडे आली. पिशवी न्यायला, असं म्हणाली, पण खाटेच्या कडेला बसली. डोळे कोरडे होते. आई तिच्या पाठीवर आपला वाकडा हात फिरवत राहिली.

"बाई, दुकानदारानं सासूला सांगितलं. सासू मला म्हनली, तुझ्या बापाची तब्येत जरा जास्त हाय म्हनत्यात. ताप आसंल. आज आपली पाण्याची पाळी हाय, कॅनॉल रातीला बंद व्हनार. पाळी सोडून कुठं जाती? उद्या जा. मी रातभर गव्हाला पानी दिलं, बाई. आण्णांसाठी मोसंबी घ्यायची म्हनून सकाळी पुन्हा बाजारात थांबले."

"आपल्याकडं तसंच सांगतात गं," आई म्हणाली. "जास्त म्हणजे..."

"म्हाईत हाय की मला. मी फोनवर आसते तर मी बी तसंच सांगितलं असतं." तिने पदर सारखा केला. "गेले म्हनला असता, तर तिला मला अडवता आलं नसतं."

असं म्हणून ती उठली. मोसंबी नेली नाहीत.

सासूला 'जास्त'चा अर्थ कळला नसेल यावर माझा आजही विश्वास नाही. त्या गावातही माणसं मरत होती आणि त्यांचेही निरोप असेच जात होते. तिला गहू दिसत होता. पण 'गेले' हा शब्द आला असता तर तिला सुनेला पाठवावंच लागलं असतं, चार माणसांत दुसरा इलाज नव्हता. 'जास्त'ने तिला न समजण्याची मुभा दिली. पुढे वॉर्डात असताना नातेवाइकांना सांगायची पाळी आली की मोठे डॉक्टर मला पुढे करायचे. म्हणायचे, सिस्टर, तुम्हाला जमतं. मी जोडीदार नर्सलाही शिकवायचे : आधी बसायला सांगा, मग शब्द सांगा, आणि तोच शब्द सांगा. काहींनी मला कठोर म्हटलं. असेन.

त्या संध्याकाळी आई भिंतीकडे तोंड करून पडली. फोन वाजला, तिने उचलला नाही. एक बाई खिडकीशी आल्या, तर माझ्याकडे हात करून म्हणाली, "सुमनला सांगा, मला होत नाही." पप्पांनी चक्रीचं झाकण उघडलं. स्प्रिंगची पट्टी काढून बघितली, पुसली, खाचांमध्ये तेलाचे थेंब सोडले, फिरवून पाहिली. चक्री बरोबर होती. तेल घालायची काही गरज नव्हती. दोष यंत्रात सापडला असता तर त्यांनी तो रात्रीतून काढला असता, म्हणून ते यंत्रातच शोधत होते. ती सुधारलेली आकृती त्यांनी घडी घालून ठेवली आणि एमआयडीसीचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. आमच्या घरी त्या वर्षी चांदणी खिडकीत अर्धीच राहिली. कॅरलवाली मंडळी आली, दारापुढे एक गाणं हळू आवाजात म्हणून पुढे गेली. पण ते नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला, पप्पा कामावर गेले, मी भाकरी थापल्या. आईने कडा जाड राहिल्याचं सांगितलं नाही. त्याने मला जास्त भीती वाटली. भांडी घासून झाल्यावर मी पप्पांच्या खोक्यातून लाल रंगाची डबी आणि बारीक ब्रश काढला. तो रंग वर्कशॉपमध्ये धोक्याच्या जागा रंगवायला असायचा. चक्री उचलून आईच्या खाटेवर, तिच्या पाठीशी ठेवली.

"आई, या लाईनमधलं कुणी गेलं तर कुणाला सरळ सांगायचं, ते मी आज घरोघर विचारून येणार आहे. ज्याला सरळ सांगायचं त्याच्या पट्टीवर लाल ठिपका."

ती वळली. "असलं विचारतात का कुणाला? अभद्र."

"मग कधी विचारायचं? गेल्यावर?"

"लोक अंगावर धावून येतील तुझ्या."

"येऊ देत. आधी तुझं सांग."

"माझं काय?"

"तू गेलीस तर कुणाला सरळ सांगू?"

एवढं बोलून मी डबीचं झाकण उघडायला घेतलं. बाहेर उसाच्या बैलगाड्या जात होत्या. त्यांचा आवाज संपेपर्यंत आई छताकडे बघत होती. मग ती कोपरावर उठली, बसली, आणि तळहात त्या लाकडी मुठीला लावला. परवापासून पहिल्यांदा. टक. टक. हिरवा रस्ता गेला, निळा गेला, पिवळा गेला. पांढऱ्यावर तिने वेग कमी केला आणि खिडकीत लोणी आलं, ती सांध्यांची सावली राहिलेली पट्टी.

"लिलीला," ती म्हणाली. "तिला सरळ सांग. आणि मधे दुकानदार नको, तिलाच बोलावून घे."

मी ठिपका काढला. जरा मोठाच झाला.

"वाळेपर्यंत हात लावू नकोस," असं तिला सांगून मी डबी आणि ब्रश घेतला, चपला घातल्या आणि समोर जाऊन शेवंताकाकूंचं दार वाजवलं. दार मंदाने उघडलं.